पोरींनो, जिओटॅगमध्ये या!

ग्रामीण महिला महाविद्यालयात एखादा दिन साजरा झाला की नाही, हे हल्ली फोटोच्या खालच्या कोपऱ्यावरून ठरते. तिथे अक्षांश, रेखांश, तारीख आणि वेळ उमटली की दिन झाला. नाही उमटली, तर पोरींनी तासभर बसून रांगोळी घातलेली असली तरी तो झाला नाही.

मूल्यांकनाच्या फायलीला पुरावा लागतो आणि जिओटॅगवाला फोटो म्हणजे पुराव्यांचा राजा. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, २६ नोव्हेंबरला संविधान दिन, ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आणि दुसऱ्याच दिवशी विज्ञान दिन. फ्लेक्स बदलतो, पोरी त्याच. अभ्यासक्रम उरलाच तर घरी वाचावा.

घोटाळा करतो तो वेळेचा शिक्का. १६ सप्टेंबरचा ओझोन दिन ११ वाजून ४२ मिनिटांनी आणि रविवारमुळे राहून गेलेला हिंदी दिन ११ वाजून ४७ मिनिटांनी. म्हणजे दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचे मनोगत, आभार, सगळे पाच मिनिटांत. १९८७ साली माँट्रियलला देशोदेशीचे प्रतिनिधी त्या ओझोनच्या करारासाठी उगाच खोळंबले, बी.ए. भाग दोनच्या वर्गाने मधल्या सुट्टीआधी उरकून दिले असते. त्यात पत्र्याच्या छपराखाली मोबाइल बिथरतो आणि महाविद्यालय शेजारच्या उसात दाखवतो. फाइल बघणाऱ्याला वाटावे, अख्खा महिला सक्षमीकरण कक्ष भांगलणीला गेलाय! मग सगळ्या पुन्हा बाहेर, उन्हात, फ्लेक्सची चार टोके चौघींच्या हातात, आणि सरांचा मोबाइल आभाळाकडे.

१४ जानेवारीला महाराष्ट्रात भूगोल दिन असतो. त्याच्या फोटोवर अक्षांश दशांशचिन्हापुढे सहा घरे. अक्षांश म्हणजे काय, हे शिकवायला मात्र कायम माणूस नाही. जागा रिकामी. तासिका तत्त्वावरच्या मॅडमची नेमणूक दरवर्षी नव्याने, मानधन निघेल तेव्हा.

स्वच्छतागृहाचाही फोटो असतो, फलकासकट, दोन बाजूंनी. फोटो झाला की कुलूप. किल्ली मामांकडे, मामा बँकेत. नॅपकिनच्या यंत्राचा फोटो बाहेरून, कारण आत नॅपकिन नाहीत. पहाटे घर सोडलेल्या पोरी संध्याकाळपर्यंत पाणी पीत नाहीत. यात गंमत वाटत असेल त्याने एक दिवस तसे राहून बघावे, आणि पाळीच्या दिवसांतही तसे राहणाऱ्यांबद्दल मग बोलावे. पाच-पाच वर्षांची बाडे बांधणाऱ्या एकाही शहाण्याला त्या कुलपाचा जिओटॅग मागावासा वाटत नाही!

८ मार्चचा कार्यक्रम तीनचा. पाहुणे पावणेपाचपर्यंत वाटेतच. साडेचारची एसटी सुटणार म्हणून पोरी चुळबुळल्या, तेव्हा कोणीतरी सुचवले की पाहुण्यांचा फोटो उद्या त्यांच्या घरी काढू. प्राचार्यांनी ते तत्काळ फेटाळले, रेखांश जुळणार नाहीत. पोरी थांबल्या, महिला सक्षमीकरणावर बोलणारे गृहस्थ आले, शिक्का उमटला. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचे तिकीट अर्धे झालेय खरे, पण गाडी निघून गेली होती. वडापवाला अर्धे तिकीट घेत नाही. एका जीपमध्ये पंधराजणी बसल्या, चार मागे लोंबकळल्या आणि प्रत्येकीने पूर्ण भाडे मोजले.