तूप, थंडी आणि तळमजला

पुण्यात थंडी पडल्याचं वेधशाळा जाहीर करते, त्याच्या आदल्या रात्रीच ते आमच्या सिंकला कळलेलं असतं. एरवी मुकाट खाली जाणारं पाणी गुळण्या केल्यासारखा आवाज काढतं, जरा घुटमळतं आणि मग खाली जायचं सोडून वरच येतं. आम्ही तळमजल्यावर राहतो. आमच्या आणि वरच्या तिन्ही मजल्यांच्या स्वयंपाकघरांचा सांडपाण्याचा उभा पाइप एकच. त्यामुळे कुणी कसली फोडणी दिली, कुणाकडे पाहुणे जेवायला होते, कुणाचा भात उरला, ही वार्ता आमच्याकडे व्हॉट्सॲपच्या आधी सिंकमधून पोचते.

माझा भाचा मिनेसोटात असतो. तो म्हणतो, "मामा, तुमच्याकडे कसली आलीये थंडी! इथे रात्री नळ बारीक सोडून झोपावं लागतं, नाहीतर पाण्याचा बर्फ होऊन पाइप फुटतो." खरं आहे. पाणी गोठायला पारा शून्यावर यावा लागतो आणि पुण्यातल्या थंडीचा विक्रमच मुळी १.७ अंशांचा, तोही १९३५ सालच्या जानेवारीतला. पण आपल्याला पाणी गोठायची वाट बघावी लागतच नाही. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास थिजतं. साजूक तूप त्याच्याही आधी रवाळ व्हायला लागतं. वनस्पती तूप तर घट्ट राहावं म्हणूनच जन्माला घातलेलं. १९३७ साली डालडा बाजारात आला आणि गरिबाच्या पाइपालाही थिजण्याची सोय झाली. मिनेसोटाला जे करायला उणे वीस लागतं, ते आम्ही बिनस्वेटरचे करून दाखवतो.

त्यात आपला खाण्याचा हंगामही नेमका हाच. दिवाळीत अभ्यंगाचं तेल न्हाणीतून आणि चकल्यांचं तळण स्वयंपाकघरातून मार्गस्थ होतं. पाठोपाठ डिंकाचे लाडू येतात. मग धुंधुरमासातली भल्या सकाळची तूप-खिचडी, मग भोगीची तीळ घातलेली भाजी आणि लोण्याचा गोळा ठेवलेली बाजरीची भाकरी. "थंडीत पचतं हो," असं एकमेकांना सांगत आपण खातो. माणसाला पचतंही. पाइपाला पचत नाही.

पाणी तुंबलं की सोसायटीत सल्ले मात्र मोकळे वाहू लागतात. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा खायचा सोडा आणि व्हिनेगरवर विश्वास. फेस असा झकास येतो की बघणाऱ्याला वाटतं, झालंच काम. प्रत्यक्षात सोडा आणि आम्ल एकमेकांना गारद करतात, वायू उडून जातो, आणि तूप जागचं हलत नाही. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर उकळतं पाणी ओतायला सांगतात. प्लास्टिकचा पाइप ८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो, हे ते नोकरीत असताना त्यांना नक्की माहीत असणार. शिवाय वितळलेलं तूप चार हात पुढे जाऊन पुन्हा थिजतं. म्हणजे जो तुंबा आपल्या हद्दीत होता, तो सार्वजनिक होतो. सेक्रेटरी कॉस्टिक सोडावाले. त्यामागचं रसायनशास्त्र अस्सल आहे, तुपाचा साबणच होतो. पण सोडा पाण्यात पडला की रागाने तापतो, उडाला तर डोळ्यांवर बेततो, आणि क्रिया अर्धवट राहिली तर पाइपाच्या बाकात साबणाची वडी बसते. तूप निदान उन्हाळ्यात वितळलं तरी असतं.

शेवटी प्लंबर येतो. आमचा प्लंबर कमी बोलतो. सिंककडे तो बघतही नाही, थेट मागच्या अंगणात जातो, चेंबरवरची तुळशीची कुंडी बाजूला करतो आणि पहारेने झाकण उचकटतो. मग आम्ही सगळे तोंडाला रुमाल लावून भोवती उभे राहतो. आत पाण्यावर पांढुरकी, वीतभर जाडीची साय धरलेली असते. तो काठीने तिचा तुकडा मोडून वर काढतो. कापलेल्या बर्फीसारखा त्याचा छेद स्वच्छ दिसतो: एक पिवळसर थर, एक पांढरा, मध्ये चहाचा चोथा, भाताची शितं, एक अख्खी लवंग, आणि टूथपेस्टच्या ट्यूबचं झाकण, ते स्वयंपाकघराच्या पाइपात कसं आलं हे कुणीच सांगत नाही.

हा क्षण फार मोलाचा असतो. "आम्ही तर तूप बंदच केलंय, डॉक्टरांनी सांगितलंय," असं इंजिनिअर म्हणतात. "आमच्याकडे फक्त घाण्याचं शेंगदाणा तेल," काकू म्हणतात. "आमच्याकडे मोलकरीण भांडी बाहेर घासते," पहिला मजला म्हणतो. सगळ्यांची जबानी ऐकली की चार मजल्यांची ही इमारत उकडलेल्या भाज्यांवर जगते असं वाटावं. उन्हाळ्यात हे खपून जातं, कारण पुरावा पातळ होऊन वाहून गेलेला असतो. थंडीत तो समोर काठीवर असतो. माणूस वजनकाट्याला फसवतो, डॉक्टरला फसवतो, बायकोला फसवायचा प्रयत्न करतो. चेंबरला फसवल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

लंडनवाले या बाबतीत आपल्यापेक्षा धीट. व्हाइटचॅपल भागातल्या गटारात २०१७ साली २५० मीटर लांब आणि सुमारे १३० टन वजनाचा चरबीचा गोळा सापडला, तर त्यांनी पुढच्या वर्षी त्याचा तुकडा लंडनच्या संग्रहालयात काचेत मांडला. लोक रांगा लावून बघायला गेले. आपण चेंबरवर झाकण ठेवतो आणि झाकणावर तुळस.

सासूबाईंना हा सगळा खेळच पोरकट वाटतो. त्यांच्या माहेरी तुपाचं भांडं आधी भाकरीच्या तुकड्याने पुसून तो तुकडा तोंडात टाकायचा, मग नारळाच्या शेंडीने आणि चुलीच्या राखेने घासायचं. राख ओशटपणा ओढून घेई, मोरीचं पाणी परसातल्या केळीला जाई, आणि केळीने कधी प्लंबर बोलावला नाही. आता राख नाही, केळ नाही, पण पुसण्याचं काम रद्दी कागदानेही होतं. सोसायटीच्या सभेत मी तसा ठराव मांडला. तो एकमताने मंजूर झाला. त्याच सभेत वाटलेल्या साजूक तुपातल्या शिऱ्याच्या बश्या कुठे धुतल्या गेल्या, हे मी विचारलं नाही.

परवा काम आटोपून प्लंबर हात धुऊन उभा राहिला. बायकोने कौतुकाने बशीत दोन डिंकाचे लाडू आणले, तूप बशीला लागलेलं. त्याने बशीकडे पाहिलं, मग सिंककडे पाहिलं.

"वहिनी," तो म्हणाला, "कागदात बांधून द्या. बशी धुवावी लागंल."