अमावास्येला क्वालिफायिंग

फॉर्म्युला वनचं वेळापत्रक ठरवणारी मंडळी लंडन-पॅरिसात बसतात. त्यांच्यापुढे टीव्हीवाल्यांच्या वेळा असतात, गाड्या वाहून नेणाऱ्या विमानांचे हिशेब असतात, कुठल्या गावात कधी पाऊस पडतो याच्या नोंदी असतात. इतकं सगळं बघणाऱ्या या लोकांपैकी एकाच्याही भिंतीवर कालनिर्णय नसावं. असतं, तर सिंगापूरची शर्यत त्यांनी इतक्या नेमाने आमच्या सणावारांवर आणून घातली नसती. २०१८ साली पाच दिवसांचा गणपती घरात असताना शर्यत. २०२२ साली नवरात्रात. २०२३ साली हरतालिकेच्या आदल्या दिवशी. २०२५ साली मात्र दसरा आणि कोजागिरीच्या मधला असा मोकळा रविवार निघाला की बघत राहावं. पण तेव्हा मुलाच्या कॉलेजची फी भरून आम्हीच मोकळे झालो होतो.

२०२६ साली तर कळस आहे. शर्यतीचा शनिवार-रविवार म्हणजे १० आणि ११ ऑक्टोबर. शनिवारी क्वालिफायिंग, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोण पुढे उभा राहणार ते ठरवण्याची फेरी. त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या. रविवारी रात्री आठला मरीना बेवर पाच लाल दिवे विझणार आणि शर्यत सुटणार. त्याच दिवशी सकाळी घटस्थापना. यात त्या लंडन-पॅरिसवाल्यांना तरी काय बोलायचं? यंदा ज्येष्ठ अधिक आला आणि पुढचं सगळं महिनाभर सरकलं. नाहीतर नवरात्र सप्टेंबरातच उरकलं असतं. चंद्राशी भांडता येत नाही, आणि सासूबाईंशीही.

जायचं कशासाठी, हा प्रश्न घरात पहिल्याच दिवशी निघाला. तो रास्त आहे. सिंगापूरची शर्यत रात्री ठेवली ती युरोपातल्या लोकांना दुपारच्या जेवणानंतर बघता यावी म्हणून. त्या सोयीत आपलाही फायदा असा की ठाण्यात ती संध्याकाळी साडेपाचला, चहाच्या वेळेला लागते. शूमाकर फेरारीत होता तेव्हापासून मी या शर्यती टीव्हीवर बघते. टीव्हीवर सगळं दिसतं. चाकाचा टायर किती झिजला ते दिसतं, ड्रायव्हर आपल्या इंजिनिअरवर कसा खेकसतो ते ऐकू येतं. फक्त वेग दिसत नाही. लांबच्या भिंगातून कॅमेरा गाडीबरोबर वळत राहतो आणि ताशी तीनशे किलोमीटरने जाणारी गाडी पडद्याच्या मधोमध ठाण मांडून बसल्यासारखी दिसते. ठाण्याच्या फलाटावर पिवळ्या पट्टीच्या अलीकडे उभं असताना न थांबणारी मेल धाडधाड निघून जाते आणि पोटात खड्डा पडतो. तो खड्डा टीव्हीवर कधी पडला नाही. मला त्यासाठी जायचंय. हे कारण घरात सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "मग ठाणे स्टेशन काय वाईट आहे? फलाट तिकीट काढून देतो."

विरोध करायचा तर अभ्यास करून करायचा, हा या घराण्याचा गुण. त्याने लॅपटॉपवर तक्ता उघडला. फेऱ्या ६२. रस्ता सुमारे ४.९ किलोमीटरचा. एक फेरी पावणेदोन मिनिटांच्या आतली. आपण जिथे बसू तिथून गाडी फार तर चार सेकंद दिसणार. बासष्ट चोक दोनशे अठ्ठेचाळीस. "म्हणजे तुझा तो हॅमिल्टन तुला जेमतेम चार मिनिटं दिसणार. मिनिटाचा भाव काढू?" मी नको म्हटलं. तरी त्याने काढला.

मग 'जोखीम' नावाचा रकाना उघडला. त्यात पहिली नोंद बेल्जियमची, २०२१ सालची: लोक तासन्‌तास पावसात भिजत बसले, गाड्या सेफ्टी कारच्या, म्हणजे धोक्याच्या वेळी सगळ्यांचा वेग आवरणाऱ्या गाडीच्या, मागे दोन-चार फेऱ्या रांगत गेल्या, आणि अर्धे गुण वाटून सगळ्यांना घरी पाठवलं. दुसरी इंडियानापोलिसची, २००५ सालची. टायरच्या भांडणापायी वीसपैकी चौदा गाड्या सुरुवातीलाच पिटमध्ये वळल्या आणि सहा गाड्यांची शर्यत झाली. "लोकांनी वर्षभर पैसे साठवून तिकिटं काढली असतील," नवरा म्हणाला, "आणि सहा गाड्या!"

"त्या सहांत आपला कार्तिकेयन चौथा आला," मी म्हटलं.

"सहांत चौथा."

"चौथा तो चौथा. पाच गुण मिळाले."

"आपल्याकडे होती शर्यत तेव्हा का नाही गेलीस?" हा त्याचा राखून ठेवलेला पत्ता. ग्रेटर नोएडाला २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं शर्यत झाली, हे खरं. पहिली ३० ऑक्टोबर २०११ ला, म्हणजे भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी. त्याच्याच बहिणी आणि भाचरं घरात होती. फेटल जिंकला आणि तेंडुलकरने चौकटींचा झेंडा फडकावला, तो मी चकलीचा डबा मांडीवर घेऊन बघितला. पुढच्या वर्षी जाऊ, त्याच्या पुढच्या वर्षी जाऊ म्हणता म्हणता शर्यतच गेली. उत्तर प्रदेश सरकारने तिला खेळ न मानता करमणूक मानलं आणि करमणूक कर लावला, तेही एक कारण होतं. सासूबाईंचं मत सरकारच्या बाजूने होतं. "खेळात घाम गाळावा लागतो," असं त्या म्हणायच्या.

म्हणायच्या, आता म्हणत नाहीत. कारण सिंगापूरच्या उकाड्यात एका शर्यतीत ड्रायव्हरचं वजन घामावाटे तीन किलोपर्यंत उतरतं, हे मी त्यांना सांगितलं. २०२५ साली तर मोटार शर्यतींच्या महासंघाने धोक्याच्या उष्णतेचा इशारा दिला होता आणि अंगात थंड पाणी खेळवणारी बंडी घालायची मुभा दिली होती. "दोन तासांत तीन किलो?" सासूबाईंनी माझ्याकडे आपादमस्तक बघितलं. पुढे काही बोलल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

खरं म्हणजे सासूबाई हळूहळू या खेळात मुरल्या आहेत. सेफ्टी कारला त्या 'ती पुढची गाडी' म्हणतात आणि ती आली की खूश होतात, कारण मग सगळे शिस्तीत एकामागोमाग जातात. २००८ ते २०२३ पर्यंत सिंगापूरला ती पुढची गाडी आली नाही असं एकदाही झालं नाही; २०२४ साली पहिल्यांदा आली नाही, तर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. पहिल्याच वर्षीची गोष्ट त्यांना सांगितली: धाकट्या पिकेने संघाच्या सांगण्यावरून मुद्दाम गाडी भिंतीवर घातली, सेफ्टी कार आली, आणि त्याच्याच संघाचा अलोन्सो जिंकला. त्यांनी विचारलं, "आणि वडील काही बोलले नाहीत?" वडील तीनदा जगज्जेते. बोलले, पुढच्या वर्षी प्रकरण महासंघापुढे नेण्यात तेच होते. हे ऐकून त्यांचं समाधान झालं. २०१६ च्या सरावात वेरस्टापनपुढून एक भलीथोरली घोरपड रस्ता ओलांडून गेली, ती चित्रफीत मात्र त्या पुन्हा पुन्हा लावायला सांगतात. घोरपडीला कुणी धक्का लावला नाही म्हणून.

तर अशा सासूबाई. त्यांचा प्रवासाला विरोध नव्हता, तारखेला होता. पितरांच्या दिवशी विमानात, आणि घट कोण बसवणार? एकदा घट बसले की नऊ दिवस दिवा अखंड. घराला कुलूप लावता येत नाही. मी आणि नवऱ्याने जावं आणि त्यांनी घर सांभाळावं, असं आमच्या मनात होतं, पण बोलायची हिंमत कुणाची होईना.

कोंडी फोडली ती सिंगापूरच्या भाच्याने. तो पुंगोलला राहतो. उतरायचं त्याच्याकडेच, कारण शर्यतीच्या दिवसांत तिथल्या हॉटेलांचे भाव बघून नवऱ्याने लॅपटॉप मिटला होता. व्हिडिओ कॉलवर तो रस्त्याचा नकाशा दाखवत होता. गाड्या इथून वळतात, मग हे पडांग मैदान, आणि इथे सेंट अँड्र्यूज रोडवर सिटी हॉलसमोरून सुसाट निघतात. बोलता बोलता म्हणाला, "आजी, याच पायऱ्यांसमोर नेताजींनी आझाद हिंद फौजेची सलामी घेतली होती."

सासूबाई खुर्चीत सरळ झाल्या. ५ जुलै १९४३. त्यांचे वडील चोरून नेताजींचं रेडिओवरचं भाषण ऐकायचे, ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. जवळच्याच एस्प्लनेड पार्कात फौजेच्या हुतात्म्यांचं स्मारक उभारलं होतं. ब्रिटिशांनी परत आल्याबरोबर ते पाडून टाकलं, आणि पन्नास वर्षांनी, १९९५ साली, सिंगापूर सरकारने त्या जागी खुणेचा दगड बसवला.

"मला तो दगड बघायचाय," सासूबाई म्हणाल्या.

"बघू की आजी. फक्त शर्यतीच्या दिवसांत तो सगळा भाग कुंपणाच्या आत असतो. तिकिटाशिवाय जाता येत नाही."

"मग काढ तिकीट."

तिथून मोहिमेचं सेनापतिपद बदललं. भाच्याने स्वस्तातलं वॉकअबाउट तिकीट सुचवलं. त्यात बसायची जागा नसते, कुंपणाच्या आत फिरायचं आणि जिथे फट सापडेल तिथून डोकवायचं. "माझे गुडघे?" एवढाच प्रश्न आला. म्हणजे पडांगचा ग्रँडस्टँड, तिघांचा. नवऱ्याने आकडा बघितला. मी घाईघाईने सांगितलं की यंदा सिंगापूरला पहिल्यांदाच शनिवारी शंभर किलोमीटरची छोटी शर्यतही आहे, म्हणजे त्याच तिकिटात एकावर एक तृतीयांश फुकट. शिवाय गाड्याही वीसच्या बावीस झाल्यात. त्याने ते दोन्ही तक्त्यात जमेच्या बाजूला लिहिलं. खूश झाला असं म्हणता येणार नाही.

राहता राहिले घट. ते यंदापुरते साताऱ्याला थोरल्या दिरांकडे बसवायचे, असं सासूबाईंनीच ठरवलं, आणि जाऊबाईंना फोन मात्र मला करायला सांगितला. व्हिसाला पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो लागतो, चार कागद लागतात, आणि पुढे तो मिळतो. जाऊबाईंचं तसं नसतं. मी शर्यतीचा विषयच काढला नाही. आईंना नेताजींचं स्मारक बघायचंय, किती दिवसांची इच्छा आहे, असं लांबून वळण घेतलं.

"नवरात्रातच?" जाऊबाई.

"तिकिटं तेव्हाची मिळाली."

"रविवारी रात्रीची शर्यत बघून सोमवारी निघणार असाल ना?" त्यांचा मुलगा ड्रायव्हर नॉरिसचा भक्त आहे, हे मी विसरलेच होते. पण माणूस मनाचा मोठा. त्यांनी घट घेतले, आणि तिथल्या मुस्तफा या दुकानातून आणायच्या वस्तूंची यादी त्याच संध्याकाळी पाठवली. सुरुवात टायगर बामच्या डझनभर डब्यांनी आहे.

आता सगळं जमलंय. पावसासाठी प्लास्टिकचे झगे घेतले, कारण छत्री आत चालत नाही. कानात घालायचे बोळे घेतले. संकरित इंजिनं आल्यापासून आवाज पूर्वीसारखा राहिला नाही म्हणतात, तरी घेतले. ड्रायव्हर तिथे युरोपच्या घड्याळाने राहतात, पहाटे झोपतात आणि दुपारी न्याहारी करतात, हे ऐकून सासूबाईंनी आपली साडेपाचची उठायची वेळ बदलणार नाही असं जाहीर केलं. कुणी तसं सुचवलं नव्हतं.

अडचण काल रात्री निघाली. घट कुठेही बसोत, घटस्थापनेचा उपास सासूबाई मोडणार नाहीत. आणि बाहेरचं खाणं मैदानात नेऊ देत नाहीत. आत सातेपासून बर्गरपर्यंत सगळं मिळतं, वरईचे तांदूळ मिळत नाहीत. भाच्याने संयोजकांना ईमेल केलंय: ज्येष्ठ महिला, धार्मिक कारण, राजगिऱ्याचे दोन लाडू, सोबत छायाचित्र जोडलं आहे. उत्तर यायचंय. नवऱ्याने जोखमीच्या रकान्यात बेल्जियम आणि इंडियानापोलिसच्या खाली लिहून ठेवलंय: लाडू.