स्वयंघोषित गरिबांची पंगत

आपल्याकडे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे तीन खेपा ठरलेल्या. जागतिक व्यापार संघटनेत तसली कटकट नाही. ‘आम्ही विकसनशील’ असं देशानं स्वतःच म्हणायचं, की झाला विकसनशील! म्हणून तर घाना ज्या रांगेत, त्याच रांगेत कतार, कुवेत. दक्षिण कोरियानं मात्र 2019 साली, पुढच्या वाटाघाटींत विकसनशील म्हणून सवलत मागणार नाही, असं सांगून टाकलं. (अमेरिकेनं डोळे वटारल्यावर, ही गोष्ट वेगळी.)

अमेरिकेचा स्वतःचा खाक्या न्यारा. तिथे दाखला देणाराच वाढपी. विकसनशील देशांच्या मालाला आयातशुल्कात सवलत देणारी त्याची एक योजना होती. 5 जून 2019 ला त्यानं त्या पंगतीतून भारताचं ताट उचललं. आमची गरिबी हटली म्हणून नव्हे. आमच्या बाजारात त्यांच्या मालाला पुरेशी वाट मिळत नाही म्हणून! फेब्रुवारी 2020 मध्ये आणखी एक शोध लागला: अनुदानविरोधी शुल्काच्या हिशेबात, जी-20 चा सदस्य तो विकसितच. म्हणजे मानाच्या पाटावर बसवलं आणि बसलात म्हणून रेशनकार्ड रद्द.

त्याच वर्षाच्या 31 डिसेंबरला त्या सवलत योजनेचीच मुदत संपली. दुकानाला कुलूप लागलं. रांगेतली हमरीतुमरी मात्र चालूच होती.