पान्हा सोडायची मर्जी

म्हशीला कसली घाई नसते, आणि तिच्यापायी घरात कुणाला सवड नसते. कोल्हापुरात मामाच्या गोठ्यात पंढरपुरी म्हशी आहेत. पार खांद्यापलीकडं पोचणारी लांबलचक शिंगं हा या जातीचा थाट. दावणीला वळताना त्या शिंगांचा अंदाज म्हशींना अचूक असतो, पाहुण्यांना नसतो.

पहाटे वैरण पडते, मग मामी धारेला बसते. म्हशीच्या कासेत दूध आयतं खाली उतरलेलं फार थोडं. बाकीचं वरच थांबतं आणि ती निवांत असली तरच उतरतं. बिचकली की पान्हा आटला. शास्त्र इथवर सांगतं. पुढची कारणं मामीकडं: बादली नवी आहे, पोरानं शिट्टी वाजवली, पाहुण्याच्या अंगाला अत्तर आहे. ‘‘तिथं हुबा ऱ्हाऊ नगंस, पान्हा चोरती ती,’’ हे मला दरवेळी ऐकावं लागतं. मामी लग्नाकार्याला गेली की मामा तिचं लुगडं गुंडाळून मुकाट धारेला बसतो. ज्ञानोबांनी पैठणला वेद वदवले ते रेड्याकडून. म्हैस असती, तर तिनं आधी कोण आलंय ते हुंगून पाहिलं असतं.

आणि याच लाजाळू बाईसाहेब गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर, रिक्षांच्या भोंग्यांत, गिऱ्हाईक पेला घेऊन समोर उभं असताना खुशाल पान्हा सोडतात! फेसाळ, कोमट दूध तिथल्या तिथं प्यायचं आणि ओठावरची मिशी पुसत घरी जायचं. थोडं थोडं करून दिवसातून कितीदाही दूध देण्याबद्दल या म्हशींची ख्याती आहे. मर्जी असली तर, अर्थात.

दुपारी पाणी. काळ्या कातडीला ऊन फार लागतं आणि घाम बेताचा सुटतो, म्हणून म्हैस डुंबते. ती चैन नव्हे, गरज. चेहऱ्यावरून मात्र तसं वाटत नाही. बाहेर आली की चरताना पायांशी ढोरबगळे हजर. तिच्या खुरांनी गवतातले किडे उडतात, ते हे टिपतात. गुरांसोबत चालणाऱ्या बगळ्याला कमी पावलांत जास्त किडे मिळतात, हे अभ्यासकांनी मोजून दाखवलंय. यांचे आफ्रिकेकडचे भाऊबंद तर अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेले आणि तिथल्या गुरांमागंही असेच चालू लागले. पाठीवर कोतवाल बसलेला असतो. सगळ्या लवाजम्यात काम करताना दिसत नाही ती एकटी म्हैसच.

ती पळते दिवाळीच्या पाडव्याला. शिंगं रंगवलेली, डोक्याला मोरपिसं, गळ्यात घुंगरमाळ. मामा सायलेन्सर काढलेली मोटारसायकल पिटाळतो आणि लाडकी म्हैस त्या आवाजामागं गर्दीतून सुसाट धावते. दोरी नाही, काठी नाही. त्या वेळी मामाच्या तोंडावरचं तेज त्याच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा नाही.

हल्ली सूनबाईनं घरात विजेवरच्या स्कूटरचा विषय काढला. पेट्रोल वाचेल, धूर नाही, आवाज नाही. मामानं सगळं नीट ऐकून घेतलं.

‘‘आवाजच न्हाई?’’ तो म्हणाला. ‘‘मग म्हस पळायची कशाच्या मागनं?’’

विषय तिथंच मिटला. जुनी गाडी पुन्हा दुरुस्तीला गेली आहे.