एकोणीसची सवत

अहो, ऐकलंत का? समोरच्या ट्रकवाल्याची बायको परीक्षा पास झाली. आणि तो? तो नापास! नाही हो, ड्रायव्हिंगची नाही, हॅम रेडिओची. जरा अलीकडे या ना, अंगणातच पाईप घेऊन उभा आहे तो.

त्याचं सीबी रेडिओचं वेड काय तुम्हाला नवीन नाही. ट्रकच्या दोन्ही आरशांना अँटेनाच्या दोन काठ्या, आणि चॅनल १९ लावल्याशिवाय गाडी हलायची नाही. न्यू जर्सीतल्या टीनेकहून एटी हायवेला लागला की पुढे पोलीस कुठे लपलाय, वजनकाटा उघडा की बंद, कुठल्या लेनमध्ये काय उलटलंय, सगळं त्या एकोणीसवर. बापही ट्रकवालाच ना त्याचा. १९७३ ला तेलाची टंचाई झाली, मागोमाग ५५ मैलांची वेगमर्यादा आली, तेव्हा डिझेल कुठे मिळतंय हे सीबीवरच कळायचं म्हणे. अहो, राष्ट्राध्यक्ष फोर्डांची बायकोसुद्धा बोलायची सीबीवर, ‘फर्स्ट मामा’ नाव घेऊन! काय एकेक हौस...

तर काय सांगत होते? हां, परीक्षा. सुट्टीत नातीला ट्रकमधून फिरवून आणलं त्यानं. एकोणीसवर दोन ड्रायव्हर एकमेकांची आई काढत होते, आणि पोरीनं ते सगळं नीट पाठ करून आजीला ऐकवलं. जेवणाच्या टेबलावर! पाद्री बसलेले जेवायला. आजीनं सांगितलं, ‘उद्या तो डबा गाडीतून निघाला पाहिजे.’

तेव्हा मागच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यानं, तो छपरावर तारा बांधतो ना, त्यानं हॅमचं काढलं. म्हणाला, सीबीला चार वॅट, चार-पाच मैल गेलं तरी नशीब. हॅमचा गाडीतला टू मीटरचा साधा सेट पन्नास वॅटचा, डोंगरावर आवाज पुढे पाठवणारा रिपीटर असला की तीस-चाळीस मैल सहज. आणि शिवीगाळ बंद, कायद्यानंच.

चार वॅट म्हणे! ट्रकवाल्याकडे लिनिअर होता हो, ताकद वाढवायचा डबा, चोरून लावलेला. गणपतीत आमची आरती चालली होती आणि स्पीकरमधून एकदम, ‘टेन-फोर, गुड बडी!’ आमच्या ह्यांच्या हातातलं ताम्हण थरथरलं. मी तेव्हा काही बोलले नाही. शेजार आहे, काय बोलायचं...

बरं, परीक्षा काही फार अवघड नाही. पेपर फुटलेलाच असतो म्हणा ना! चारशेच्या वर प्रश्न, उत्तरांसकट छापलेले, त्यातलेच ३५ येतात. २६ बरोबर आले की टेक्निशियनचं लायसन्स. ती कट्टकडकट्ट मोर्सची भाषा २००७ पासून लागत नाही. मागच्या गल्लीतल्या म्हाताऱ्याला त्याचा अजून राग आहे. आपले राजीव गांधीसुद्धा हॅम होते, माहीत आहे ना, व्हीयूटूआरजी.

ट्रकवाल्याच्या बायकोनं पोळपाटाएवढं पुस्तक स्वयंपाकघरात उघडं ठेवून वाचलं. तो म्हणाला, ‘तीस वर्षं माइक धरलाय, मला काय शिकवता?’ गेले दोघं. हिला ३३. त्याला २५. एका मार्कानं! म्हाताऱ्यानं कागद हातात दिला तेव्हा तोंड बघायला हवं होतं म्हणे. आणि आता मजा ऐका. बिनलायसन्सच्या माणसाला बोलता येतं, पण लायसन्सवाला शेजारी बसलेला हवा. म्हणजे बायको ट्रकमध्ये असेल तरच ह्याला बोलायला मुभा!

तरी त्यानं विचारलंच, ‘पास झालो की डिस्पॅचरला माल उशिरा पोचतोय हे सांगता येईल ना?’ म्हातारा म्हणाला, ‘नाही. कंपनीच्या कामाचं एक अक्षर चालायचं नाही.’ पुन्हा पडला चेहरा. पुढे अपघात आहे हे सांगा, हवापाण्याचं बोला, पण गोदामाचं दार कुठलं हे विचारायचं नाही. दर दहा मिनिटांनी आपलं कॉल साइन म्हणायचं. आणि टेन-फोर वगैरे नाही, निरोप घेताना ‘सेव्हन्टी थ्री’.

खरी गंमत तर त्या कॉल साइनची. सीबीवर काय वाटेल ते नाव घ्या, कोण विचारतंय? हॅमचं कॉल साइन सरकारी यादीत टाकलं की नाव, पत्ता, सगळं समोर. मी त्याच्या बायकोचं टाकून पाहिलं. आला की हो आपल्याच गल्लीचा पत्ता! मग म्हाताऱ्याचंही पाहिलं. बाई, मधलं नाव काय आहे त्याचं... जाऊ दे, नंतर सांगते.

मला विचाराल तर एकोणीसला काही सवत आणून भागायचं नाही. रिपीटरचं प्रत्येक गावाला वेगळं, नंबर बदला, टोन बदला, नेब्रास्कापर्यंत तेच करत बसायचं. आणि त्याच्यावर जमलेली मंडळी घरात बसलेली, कुणी टोमॅटोचं बोलतंय, कुणी गुडघ्याचं. पुढच्या वळणावर काय आहे ते पुढचा ट्रकवालाच सांगणार, आणि तो एकोणीसवरच असतो. रात्री एकट्यानं गाडी हाकताना सोबत हवी असेल तर मात्र हॅमसारखं नाही.

तुमच्या भाच्यानं परवाच ट्रक घेतलाय ना? त्याला सांगा, परीक्षा दे, सरकारी फी ३५ डॉलर आणि लायसन्स दहा वर्षांचं. पण सीबी काढू नको, दोन्ही लाव. आणि ट्रकस्टॉपवर ‘टेन मीटर’ म्हणून सेट विकतात, ते आत छेडछाड करून सीबीवर चालवायला सांगतात, त्याच्या नादी लागू नको, दंड होतो. अर्जावर पत्ता मात्र पोस्टाच्या बॉक्सचा दे म्हणावं, चालतो. नाहीतर माझ्यासारख्या बसल्याच आहेत शोधायला!