कार्योत्तर मंजुरी

निवृत्त सरकारी माणसाला पथ्यावर ठेवणं अवघड नसतं. नियम तो पाळतोच. पण पाळण्याआधी तो वाचतो, आणि तिथे घोटाळा होतो. आमच्या ह्यांची सगळी नोकरी लेखा शाखेत गेली. आहारतज्ज्ञ मुलीनं दिलेला तक्ता त्यांनी फ्रिजला चिकटवला नाही. चष्मा लावला, लाल पेन घेतलं आणि त्यातली संदिग्ध कलमं अधोरेखित केली.

तक्ता म्हणाल तर साधा. तीन महिन्यांच्या साखरेची जी तपासणी असते, तिचा आकडा ६.१ आला होता. ५.७ ते ६.४ हा बॉर्डरचा पट्टा, ६.५ ला माणूस पलीकडे गेला. तेव्हा पोळीऐवजी ज्वारीची भाकरी, भात एक वाटी, आधी कोशिंबीर मग बाकीचं, चहा बिनसाखरेचा, बेकरी बंद. आणि सगळ्यात शेवटी दया येऊन तिनं एक ओळ घातली होती : आठवड्यातून एक जेवण मनासारखं. "काका, एवढं मोकळं ठेवलं ना, की बाकीचं टिकतं," असं म्हणाली. बरोबरच बोलली. फक्त समोर कोण बसलंय याची तिला कल्पना नव्हती.

परतताना रिक्षातच ह्यांनी विचारलं, "अगं, हे जेवण या आठवड्यात नाही घेतलं, तर शिल्लक राहतं का?"

सरकारी नोकरी न केलेल्यांसाठी सांगते. रजेच्या दोन ठळक जाती. किरकोळ रजा वर्षाच्या आत घेतली नाही तर बुडते. अर्जित रजा साठत जाते आणि निवृत्तीच्या दिवशी ३०० दिवसांपर्यंतचे पैसे हातात पडतात. ह्यांनी आपले पूर्ण ३०० दिवसांचे घेतले. ते आमच्या घराण्यात अजून सांगितलं जातं. तेव्हा आठवड्याचं मोकळं जेवण किरकोळ की अर्जित, हा त्यांच्या मते तक्त्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. मी म्हटलं, किरकोळ. त्यांनी कागद पुढे केला. "व्यपगत होईल असं कुठे म्हटलंय?" नव्हतं म्हटलेलं.

मग काय विचारता. पुतणीच्या वाढदिवसाचा केक म्हणजे अर्धा दिवस. शनिवार रात्रीची पावभाजी आणि रविवार सकाळची मिसळ ही सलग एकच रजा, कारण मधल्या वेळात कामकाज नव्हतं. लग्नातलं जेवण रजेत धरायचंच नाही, तिथे आपण कर्तव्यावर असतो. कोपऱ्यावरून दूध आणायला जावं आणि येताना मिशीला पाक असावा. मी नुसतं बघितलं की म्हणायचे, "दोनच जिलब्या. कार्योत्तर मंजुरी दे."

यात नाशिकचाही थोडा दोष आहे. सकाळी गोल्फ क्लब मैदानावर फेऱ्या मारणाऱ्यांची जी गर्दी असते तिच्याइतकी आरोग्याची काळजी जगात कोणी करत नसेल. मैदानाबाहेर दुधीचा, कारल्याचा, गव्हांकुराचा रस मिळतो. तो लोक डोळे मिटून, एका दमात पितात. तोंड पुसतात. आणि तिथून चारचौघं मिळून मिसळ खायला जातात. काळ्या मसाल्याचा रस्सा, मटकी, वर शेव, शेजारी पापड आणि दह्याची वाटी. रस्सा संपला की पुन्हा, तो संपला की पुन्हा. अर्धा तास झपाझप चाललं तर शंभर-दीडशे कॅलरी जळतात. त्या पहिल्या पावातच परत येतात. दुसऱ्या पावापासून नफा. ह्यांचे एक मित्र तर मला समजावत होते की वहिनी, कारल्याचा रस आधी गेलेला असला की मिसळ 'लागत' नाही. मनुष्य इंजिनिअर आहे. पूल बांधलेत त्यानं.

ह्यांच्या या खतावणीला मी बोलून काही उपयोग नव्हता. शेवटी त्यांना गप्प केलं ते त्यांच्याच खात्यातल्या एका गोष्टीनं. पूर्वी नुसती उपाशीपोटीची साखर बघायचे. तपासणीआधी दोन दिवस भाजी-भाकरीवर काढून पास होणारे वीर आमच्या नात्यात होते. ही नवी तपासणी तशी फसत नाही. रक्तातली साखर हिमोग्लोबिनला चिकटते, आणि तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. तेवढ्या काळात काय काय झालं त्याची नोंद तिच्या अंगावर राहते. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा ह्यांच्या चेहऱ्यावर मी प्रथमच आदर पाहिला. "म्हणजे लेखापरीक्षण आहे हे," ते हळूच म्हणाले. "आणि मूळ व्हाउचर तिच्याकडेच."

घरी हा १२० दिवसांचा आकडा ऐकून सासूबाईंनी वाती वळता वळता मान वर केली. "म्हणजे चातुर्मासच की."

सासूबाईंनी ऐंशी कधीच ओलांडली, आणि घरातली सगळ्यात चांगली साखर त्यांची आहे. याचं ह्यांना वैषम्य वाटतं. आईनं आयुष्यभर पुरणपोळी खाल्ली, श्रीखंड खाल्लं, मग हे कसं? सासूबाईंचं उत्तर सोपं आहे. पुरण पाट्यावर वाटावं लागायचं. जो वाटतो त्याला पुरणपोळी वर्षातून तीन-चारदाच आठवते. "आम्हाला जीभ आवरायची वेळच आली नाही कधी. पाटा आवरता आवरता पुरे व्हायचं." आता बोट लावलं की दहा-पंधरा मिनिटांत पिशवी दारात. मनासारखं जेवण आठवड्यातून एकदा ठेवायचं तर मधे काहीतरी अडथळा पाहिजे, आणि पाटा तर आम्ही कुंडीखाली घातला.

दुसरा अडथळा त्यांच्याकडे होता तो भिंतीवर. कालनिर्णय १९७३ पासून मराठी घरात आहे, आणि त्याच्याइतका आपला स्वभाव ओळखणारं दुसरं काही नसेल : पानाच्या पुढच्या बाजूला एकादशी, मागच्या बाजूला पाककृती. यंदाच्या आषाढात सासूबाईंनी ते कालनिर्णय खिळ्यावरून काढून मांडीवर घेतलं आणि मुलाला सांगितलं, "तुझी रजा यापुढे मी मंजूर करणार. अर्ज द्यायचा नाही. तारखा ठरलेल्या आहेत."

बघायला गेलं तर खरंच सगळं मांडून ठेवलेलं आहे. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी. दोन दिवसांनी चातुर्मास लागणार, कांदा-लसूण-वांगं सुटणार, म्हणून आधी एक दिवस मनसोक्त कांदा : भजी, थालीपीठ, झुणका, भरले कांदे. नाशिक जिल्ह्यात राहून चार महिने कांदा सोडायचा म्हणजे लासलगावशी उघड वैर, तेव्हा आमच्याकडे नवमी जरा जोरातच होते. मग आखाड तळायचा. पावसाची झड लागलेली, घरात गूळ आणि कणीक. कापण्या, तिखटमिठाच्या पुऱ्या. आवसेला दिवे : कणकेचे, गूळ घातलेले, उकडून तुपाबरोबर. त्याच आवसेच्या आगेमागे मटणाच्या दुकानांसमोर ज्या रांगा लागतात त्याबद्दल सासूबाई काही बोलत नाहीत. पण सासरे त्या रांगेत असायचे. दुसऱ्या दिवसापासून श्रावण. खटका पडल्यासारखं सगळं बंद.

मला यातली जी गोष्ट आवडते ती ही, की कांदेनवमी पुढच्या आठवड्यात ढकलता येत नाही. ती साठवता येत नाही. आपण शहाण्यासारखे वागलो म्हणून ती मिळालेली नसते, आणि खाल्ल्यावर कोणापुढे अपराधी चेहराही करायचा नसतो. आठवड्याचं मोकळं जेवण आपणच मागायचं, आपणच मंजूर करायचं, खाताना हिशेब करायचा आणि खाल्ल्यावर पश्चात्ताप. एवढ्या कामात भज्याकडे लक्ष कोण देणार?

अर्थात, पूर्वज फार साधे होते असंही मी म्हणणार नाही. एकादशी बघा. साबुदाण्याचा कंद अमेरिकेतला, बटाटा तिकडचा, शेंगदाणा तिकडचा, मिरची, रताळं, राजगिरा सगळे तिकडचे. पोर्तुगीजांची गलबतं आली तेव्हा कुठे यातल्या बहुतेकांचा आपला परिचय. म्हणजे ज्ञानोबांच्या वेळच्या वारकऱ्याला एकादशीला उपासच घडत असणार. त्याच्यापुढे खिचडी ठेवली असती तर त्यानं ती ओळखली नसती. पुढे कोणीतरी, कुठल्यातरी माजघरात, हे पदार्थ शास्त्रात लिहिलेले नाहीत म्हणून चालतात, असा निकाल दिला. ह्यांच्या मते तो माणूस लेखा शाखेतलाच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसतं पिष्ट, त्यावर दाण्याचा कूट, तूप, शेजारी बटाट्याची भाजी. आहारतज्ज्ञ मुलीचा तक्ता हे ताट बघून चक्कर येऊन पडेल. सासूबाईंनी मात्र उपासाला ह्यांना भगर आणि ताक दिलं. "मोकळं जेवण वेगळं, उपास वेगळा. दोन्हीकडून खायचं नाही."

एका बाबतीत मी सासूबाईंहून कडक आहे. पथ्याचं पक्वान्न मला चालत नाही. गणपतीत शेजारून ओट्सचे मोदक आले. सारणात खजूर, वर भोपळ्याच्या बिया, आणि आणणारीच्या डोळ्यांत ती विशिष्ट चमक. मोदकाला तांदळाची पिठी लागते, ओलं खोबरं लागतं, गूळ लागतो, फोडल्यावर आत तुपाची धार लागते. हे नको असेल तर मोदक खाऊ नये. कोणी गळ्यात बांधलेला नाही. नाचणीचा ब्राउनी, बिनसाखरेचं श्रीखंड, गव्हाच्या पिठाची भाजलेली चकली : यांनी जिभेचं समाधान होत नाही आणि तब्येतीचं भलंही फारसं होत नाही, कारण समाधान झालेलं नसल्यामुळे माणूस चार खातो. त्यापेक्षा खरा मोदक एक खावा. बरं, दोन. आणि गूळ 'नैसर्गिक' म्हणून चालतो, हा समज तर कायद्यानं बंद करायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगून ठेवलंय की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या, म्हणजे साधारण सहा चमच्यांच्या आत बसवलीत तर उत्तम. हे मी वाचून दाखवलं तेव्हा पलीकडून प्रश्न आला, "गूळ धरून?" हो, गूळ धरून. मधसुद्धा धरून. त्या संध्याकाळी घरात शांतता होती.

सासूबाईंच्या राज्यात चातुर्मास बरा गेला. दिवाळीत फराळ झाला, पण ताटलीत. डब्यात हात घालायचा नाही, एवढाच नियम. मजा आली ती मार्गशीर्षात. चार महिने घरात वांगं नव्हतं. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावर सोडलेलं वांगं पुन्हा ताटात येतं. सकाळीच गॅसवर वांगी भाजायला ठेवली. सालं करपल्याचा वास जिन्यापर्यंत गेला. कांद्याची पात, हिरवी मिरची, दाणे, कच्चं तेल. हे पानावर बसले, पहिला घास घेतला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मग तिसऱ्यांदा. शेवटी जरा घाबरून विचारलं, "हे कशात धरायचं?"

मी तक्ता काढून दाखवला. वांगं 'हवं तेवढं' या सदरात होतं. लाल पेनाची एकसुद्धा रेघ तिथे नव्हती. इतके महिने त्या ओळीकडे त्यांनी बघितलंच नव्हतं. ज्याला परवानगी लागत नाही ते वाचायचं कशाला?

त्याच दुपारी नव्या वर्षाचं कालनिर्णय आलं. ह्यांना आता पंचांग वाचायची गोडी लागली आहे. सासूबाई आडव्या झाल्या होत्या. हे खुर्चीत बसून एकेक महिना लाल पेननं तपासत होते, आणि मे महिन्याच्या पानावर थांबले. २०२६ साली अधिक ज्येष्ठ. १७ मे ते १५ जून. अख्खा जादा महिना.

"अगं, अधिकात जावयाला बोलावतात ना?"

"बोलावतात."

"धोंडे करतात. आणि अनारसे देतात. ३३."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "ते दान असतं. सगळे बसून खायचे असं कोणी सांगितलं?"

"आई, हे तुझ्या अधिकारक्षेत्रात येत नाही," हे म्हणाले. "सासुरवाडीचं खातं वेगळं आहे."

आणि त्यांनी माझ्यादेखत येवल्याला माझ्या भावाला फोन लावला. तब्येत, पाऊसपाणी, कांद्याचा भाव असं सगळं रीतसर झालं. मग विषय निघाला. भाऊ बिचारा चाचरत म्हणाला, "दाजी, आनंदानं करू. पण तुमची ती साखर?"

"मे महिन्याला अजून सहा महिने आहेत," हे म्हणाले. "तोवर माझ्या अंगात आत्ताची एकही तांबडी पेशी राहणार नाही. तू असं कर, वहिनींना अनारशाचं पीठ आत्ताच करून ठेवायला सांग. टिकतं ते."