सर, नोटिस पिरियड किती?

आमच्या घरात आलेल्या पत्राला उत्तर देण्याची पद्धत आहे. लग्नपत्रिका आली आणि जायला जमणार नसलं, तरी फोन जातोच. त्यामुळे ‘आपलं प्रोफाइल पाहून आम्ही प्रभावित झालो’ असा लिंक्डइनवर निरोप आला तेव्हा मी रीतसर बैठक मारून उत्तर लिहिलं. आभार मानले, सध्याच्या कामाविषयी दोन परिच्छेद लिहिले, शेवटी ‘कळावे, लोभ असावा’च्या तोडीचं काहीतरी इंग्रजीत जुळवलं. पलीकडून उत्तर आलं: ‘सीव्ही पाठवा.’

बायकोने विचारलं, ‘‘अहो, पण प्रभावित कशाने झाले?’’ प्रश्न रास्त होता. कारखान्यात स्टोअर्स आणि पर्चेस सांभाळणाऱ्या माणसाने विक्रोळीच्या कन्नमवार नगरात कुणाला प्रभावित केल्याची नोंद नाही.

पुढे कळलं ते असं. प्रोफाइल कुणी वाचत नाही. रिक्रूटर शब्द टाकतो, यादी निघते आणि यादीतल्या सगळ्यांना एकच मजकूर रवाना होतो. नाव तेवढं आपोआप भरलं जातं. तेही कधी चुकतं. मला एकदा ‘प्रिय फर्स्ट नेम’ असं महिरपी कंसासकट पत्र आलं होतं. माझ्या स्टोअर्समध्ये नट-बोल्ट, गॅस्केट आणि पावसाळ्यात गंज धरणारे अँगल असतात. पण प्रोफाइलमधल्या ‘स्टोअर्स’ या एका शब्दाच्या पुण्याईवर मला मॉलमधल्या लेडीज कपड्यांच्या दुकानाचं मॅनेजरपद देऊ करण्यात आलं. घरी हे सांगायला नको होतं. दिवाळीपर्यंत ‘मॅनेजरसाहेब, ही कुर्ती कशी दिसते’ चालू होतं.

आमच्या विक्रोळीत नोकरीचं बोलावणं ही एके काळी गंभीर बाब होती. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या, 1951-52च्या, बऱ्याच मतपेट्या इथे गोदरेजच्या कारखान्यात झाल्या. 1955 साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर याच कंपनीने काढला. आसपासच्या कारखान्यांत चिकटावं म्हणून माणसं एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड जिवापाड जपत. वडिलांचं कार्ड कपाटात, रेशनकार्डाच्या वर असे. 1959च्या कायद्याने मोठ्या मालकांना रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवणं सक्तीचं केलं. मात्र तिथूनच माणूस घ्यावा अशी सक्ती केली नाही. म्हणजे बोलवायचं आणि घ्यायचं नाही ही सोय सरकारमान्य आहे, लिंक्डइनने 2003 साली तिचा शोध लावलेला नाही. फरक इतकाच, की तेव्हा पोस्टमन कॉल घेऊन आला की चाळीत पेढे निघत. आता निरोप आला की मी डाव्या हाताने वांगी निवडत उजव्या अंगठ्याने ‘थँक यू’ दाबतो.

फोनवरची प्रश्नपत्रिका ठरलेली असते. करंट सीटीसी? एक्स्पेक्टेड? नोटिस पिरियड? माझा तीन महिने म्हटलं की पलीकडे घरात सुतक असल्यासारखी शांतता पसरते, कारण सगळ्यांना ‘इमिजिएट जॉइनर’ हवा असतो. (याच कंपन्या आपल्या माणसाला सोडताना नव्वद दिवस मोजून घेतात, ते वेगळं.) मग शेवटचा प्रश्न, ‘‘रिलोकेशन चालेल?’’ विक्रोळीचा रेल्वेवरचा पूल 2025च्या जूनमध्ये उघडेपर्यंत आम्हा पूर्वेच्या लोकांना गाडी घेऊन पश्चिमेला पार्कसाइटला जाणं हेच रिलोकेशन होतं, हे नोएडाहून फोन करणाऱ्या मुलीला कसं समजावायचं?

त्या नोएडातल्या मुलीचंच सांगतो. मी बाजारात, ती हिंदीत. मधेच मी भाजीवाल्याला ‘‘अरे, कोथिंबीर राहिली की’’ म्हणालो आणि फोनमधून आवाज आला, ‘‘काका, तुम्ही मराठी?’’ मुलगी सांगलीची निघाली. ‘सर’चा ‘काका’ झालो आणि संभाषण एकदम खरं झालं. ‘‘काका, ही जागा बहुतेक भरलीय. पण मला संध्याकाळपर्यंत प्रोफाइल पाठवायचीत, टार्गेट असतं. तुमचं पाठवू का?’’ म्हटलं, पाठव बाई. जेवलीस का, हेही विचारलं. माणूस लागला तर तिच्या एजन्सीला साधारण त्याच्या महिन्याभराच्या पगाराइतकं, म्हणजे वार्षिक पगाराच्या 8.33 टक्के, कमिशन मिळतं. नाही लागला तर शून्य. एवढा हिशेब कळल्यावर तिच्यासारख्यांचा राग येईनासा झाला. उत्तर न देता गायब होतात म्हणून आपण चडफडतो. त्यांच्या शंभर निरोपांना किती जण ‘नको, धन्यवाद’ म्हणतात?

राग येतो तो दुसऱ्या जातकुळीच्या मंडळींचा. व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबर, घरबसल्या व्हिडिओ लाइक करा आणि दिवसाला हजारो कमवा. सुरुवातीला खरंच थोडे पैसे खात्यात येतात, मग टेलिग्रामच्या ग्रुपात नेऊन ‘टास्क’साठी आपलेच पैसे भरायला लावतात. यांना बाकी आपला नोटिस पिरियड कितीही असला तरी चालतो.

तेव्हा निरोपाला उत्तर जरूर द्या, पण माझ्यासारखे दोन परिच्छेद नकोत. कंपनी कोणती, काम कुठे, पगार कुठून कुठपर्यंत, एवढं विचारा. खरी जागा असेल तर तीनही उत्तरं येतात. आणि रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, लॅपटॉपचं डिपॉझिट अशा कुठल्याही नावाने कुणी पैसे मागितले, तर तिथेच थांबा. भरून बसला असाल तर लाजू नका, लगेच सायबर हेल्पलाइनला, 1930 ला, फोन करा.